वेळ किती आणि वेळ कुणाचा

भर्तृहरीने ‘वैराग्यशतका’त माणसाच्या आयुष्याचा हिशेब मांडला आहे. शंभर वर्षे मिळाली असे धरू. त्यांतली पन्नास रात्रीत जातात. उरलेल्या पन्नासांतली निम्मी बालपण आणि म्हातारपण यांच्या वाट्याला येतात. हाती राहतात पंचवीस, आणि तीही आजारपण, ताटातूट, दुःख आणि सेवाचाकरी यांत संपतात. वामनपंडितांनी सतराव्या शतकात ही शतके मराठीत आणली, त्यामुळे हा हिशेब आपल्याला नवा नाही. तो सांगितला जातो तो बहुधा विरक्तीच्या उपदेशासाठी. मला मात्र त्यातली शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. रात्र, बालपण, म्हातारपण, व्याधी हे आयुष्याचे निसर्गाने ठरवलेले वाटेकरी आहेत. सेवाचाकरीत गेलेला वाटा माणसाने माणसाकडून घेतलेला आहे. तो कमीजास्त होऊ शकतो, त्याबद्दल भांडता येते, कायदा करता येतो. मरणाच्या हिशेबात भर्तृहरीने चाकरीची नोंद केली, आणि ज्या अभ्यासक्षेत्राची ओळख करून देण्यासाठी मी हे लिहीत आहे, ते क्षेत्र त्या एका नोंदीत सामावलेले आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेनेकानेही असाच हिशेब केला. आयुष्याच्या तोकडेपणावरचा त्याचा निबंध पाउलिनस नावाच्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे. रोम शहराच्या धान्यपुरवठ्याची जबाबदारी या पाउलिनसकडे होती. सेनेकाचे म्हणणे असे, की आयुष्य मुळात तोकडे नाही, आपण ते उधळतो. जमिनीच्या बांधावरून हमरीतुमरीवर येणारी माणसे स्वतःचे दिवस मात्र मागेल त्याला देऊन टाकतात. म्हणून पाउलिनसने धान्याची कोठारे सोडावीत आणि स्वतःकडे परतावे. हा निबंध आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. पण तो वाचताना एक प्रश्न मनात ठेवावा. पाउलिनस कोठारे सोडू शकत होता. त्या कोठारांत पोती वाहणारा गुलाम ती सोडू शकत नव्हता. त्याचे दिवस उधळले गेले असतील तर ते त्याने उधळले नव्हते.

आपल्याकडे किती वेळ आहे, हा एक प्रश्न. तो वेळ कुणाचा आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न तत्त्वज्ञांच्या आणि संतांच्या दालनात ठेवलेला असतो, दुसरा कामगार चळवळीच्या, अर्थशास्त्राच्या आणि स्त्रीअभ्यासाच्या. ग्रंथालयात या दोन कपाटांमध्ये बरेच अंतर असते आणि अभ्यासकही सहसा एकाच कपाटापुढे उभे असतात. माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो: हे दोन प्रश्न वेगळे वाचले की दोन्ही खुजे होतात. मरणाचे भान नसेल तर कामाचे तास कमी करण्याची मागणी केवळ सोयीसवलतीची मागणी उरते. आणि वेळेच्या मालकीचे भान नसेल तर मृत्युचिंतन हा सवडीतल्या माणसांचा उद्योग होऊन बसतो. तुम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी असा, इतिहासाचे असा, की दिवसभराच्या कामानंतर रात्री चार पाने वाचणारे असा, या क्षेत्रात तुमचे स्वागत आहे. इथे प्रवेशासाठी कुठली पदवी लागत नाही. वेळ संपणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडे या विषयाची पहिली सामग्री आलेलीच आहे.

तत्त्वज्ञानाच्या कपाटापासून सुरुवात करू. एपिक्युरसचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे: आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो, मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, मग भीती कशाची? त्याचा रोमन अनुयायी ल्युक्रेशियस याने त्यात भर घातली. जन्मापूर्वीच्या अनंत काळाचे आपल्याला दुःख होत नाही, तर मरणानंतरच्या काळाचे का व्हावे? हा तर्क दोन हजार वर्षे टिकला, तरी कुणाची भीती त्याने पूर्णपणे गेली असे दिसत नाही. टॉमस नेगल यांनी १९७० साली त्याला जे उत्तर दिले ते समजायला सोपे आहे. मृत्यू वाईट ठरतो तो त्यात काही यातना असते म्हणून नव्हे, जे जगता आले असते ते हिरावले जाते म्हणून. म्हणजे मृत्यूचे दुःख समजून घ्यायचे तर आधी जगण्यात काय मोलाचे आहे ते सांगावे लागते.

याच्या उलट बाजूने बर्नर्ड विल्यम्स यांनी प्रश्न विचारला. कारेल चापेक या चेक लेखकाचे एक नाटक १९२२ साली रंगभूमीवर आले; पुढे लेओश यानाचेकने त्यावर ऑपेरा रचला. त्याची नायिका एलिना माक्रोपुलोस तीनशेहून अधिक वर्षांची आहे. दरबारी वैद्य असलेल्या बापाने तिला आयुष्य वाढवणारे औषध पाजले होते. नावे बदलत, देश बदलत, माणसे बदलत ती जगत आली आहे. औषध पुन्हा घेण्याची वेळ येते तेव्हा तिला ते नकोसे झालेले असते. तिच्या लेखी गाणे आणि न गाणे यांत फरक उरलेला नाही. विल्यम्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या कथेवरून असा निष्कर्ष काढला, की माणसाला पुढे ओढून नेणाऱ्या इच्छा कधीतरी संपतात आणि त्यानंतरचे अनंत आयुष्य म्हणजे अनंत कंटाळा. हा निष्कर्ष मला पुरता पटलेला नाही. एखाद्या गायकाला यमनाचा कंटाळा तीनशे वर्षांनी येईलच असे ठामपणे कोण सांगणार? पण विल्यम्स यांनी विचारलेला प्रश्न टाळता येत नाही. अंत नसेल तर आज हे करायचे की ते, या निवडीला वजन कुठून येणार? जे कधीही करता येते ते आज करण्याची निकड कशी वाटणार?

मराठी वाचक या प्रश्नाजवळ रिकाम्या हाताने येत नाही. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि मग मृत्यूचे रहस्य विचारतो. यम त्याला दीर्घायुष्य देऊ करतो, शतायुषी मुलेनातवंडे, हत्ती, घोडे, सोने देऊ करतो. नचिकेता ते सारे नाकारतो, कारण कितीही लांबले तरी ते आयुष्य थोडेच. एलिना तीनशे वर्षांनी जिथे पोचली तिथे हा मुलगा पहिल्याच दिवशी पोचलेला दिसतो, मात्र त्याची वाट वेगळी आहे. त्याला अंतापलीकडचे हवे आहे. या फरकाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

पण या क्षेत्रासाठी माझ्या मते आपल्या परंपरेतली सर्वांत मोलाची कथा ययातीची आहे. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण येते. दुसऱ्या कुणी ते घेतले तर त्याचे तारुण्य ययातीला मिळेल, अशी सवलत असते. तो एकेका मुलाकडे तारुण्य मागतो. बाकीचे नकार देतात, धाकटा पुरू होकार देतो. बाप तरुण होतो, मुलगा म्हातारा. खांडेकरांची कादंबरी १९५९ साली आली आणि १९७४ मध्ये तिला ज्ञानपीठ मिळाले. भोगाने भोगाची भूक शमत नाही, हे सूत्र तिच्यामुळे घरोघर पोचले. गिरीश कार्नाड यांनी १९६१ मधल्या नाटकात दुसरेच टोक पकडले: पुरूच्या बायकोचे काय? एका रात्रीत जिचा नवरा म्हातारा झाला, तिच्या संमतीशिवाय तिचेही आयुष्य या व्यवहारात ओढले गेले. कार्नाडांच्या नाटकात ती जीव देते. मार्टिन हायडेगर यांनी १९२७ साली लिहिले की माझे मरण माझ्या वतीने दुसरा कुणी मरू शकत नाही. ते खरे आहे. ययातीची कथा त्याला जोडून दुसरी गोष्ट सांगते: मरण उसने देता येत नसले तरी वर्षे काढून घेता येतात. बापाचे लांबलेले तारुण्य मुलाच्या आयुष्यातून वजा झाले. हायडेगर यांच्या ग्रंथात ही वजाबाकी मला सापडत नाही. ती दुसऱ्या कपाटात आहे.

१८२१ साली लंडनमध्ये एक निनावी पत्रक छापले गेले. ते चार्ल्स वेंटवर्थ डिल्क याने लिहिले असे मानले जाते. राष्ट्र श्रीमंत कधी म्हणायचे, तर बारा तासांऐवजी सहा तास काम करून लोकांचे भागते तेव्हा, असा त्यातला विचार होता. स्वतःच्या मर्जीने वापरता येणारा वेळ हीच संपत्ती. कार्ल मार्क्स यांना हे पत्रक अतिशय आवडले. १८५७-५८ च्या त्यांच्या वह्यांत तो विचार विस्ताराने येतो. यंत्रामुळे कामाला लागणारा वेळ घटतो, पण तो वाचलेला वेळ कामगाराच्या हाती न पडता पुन्हा कामात कसा ओढला जातो, हे मार्क्स तिथे तपशिलाने उलगडतात. त्या वह्या छापून यायला १९३९ साल उजाडले. मार्क्स यांना केवळ मजुरीच्या दराचे अर्थतज्ज्ञ समजणाऱ्यांनी ही पाने जरूर वाचावीत. तिथे ते आयुष्याच्या तासांविषयी लिहिणारे विचारवंत दिसतात.

मुंबईच्या गिरणगावात हाच विचार मार्क्स न वाचता उगवला. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळच्या वेळी पगार. त्या काळी गिरणी सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. सहा वर्षे हा लढा चालला. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्यामुळे मराठी कामगाराला तो दिवस परका नव्हता. आज रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या माणसाला तो दिवस पंचांगातून आपोआप आल्यासारखा वाटतो. तो सह्या गोळा करून मिळवलेला आहे.

मिळवलेला वेळ मिळवलेलाच राहतो असे नाही, हेही गिरणगाव शिकवते. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची हद्द पुसली गेली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. जेकब ससून गिरणीतील कामगारांनी त्या जानेवारीत नव्या वेळेविरुद्ध काम थांबवले, कारण घड्याळाचा काटा सरकवला की त्यांना अंधारात घर सोडावे लागणार होते. प्रमाणवेळेच्या इतिहासात या घटनेची नोंद अडाणी विरोध म्हणून झाली तर तो अन्याय होईल. ३९ मिनिटे कुणाच्या झोपेतून येणार आहेत, हे त्या कामगारांना नेमके कळले होते. बदली कामगारांचे तर आणखी वेगळे. रोज पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभे राहायचे, भोंगा व्हायचा, नाव पुकारले तर पाळी मिळायची, नाही तर परत. त्या ताटकळण्याला मजुरी नव्हती. आज शहरातल्या नाक्यावर कामाची वाट पाहणारे मजूर आणि मोबाइलवर पुढच्या ऑर्डरसाठी थांबलेले दुचाकीस्वार यांचा अभ्यास करणाऱ्याने बदली पद्धतीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन.

या सर्व प्रवासात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्थान अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. वतनदार महाराला कामाचे ठरावीक तास नव्हते. येसकर पाळी असो वा सरकारी निरोप पोचवणे असो, दिवसा किंवा रात्री कधीही बोलावणे आले की जावे लागे, आणि तो हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याला धरले जाई. बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेला बलुत्याचा वाटा. गुलामीची व्याख्या शोधत लांब जायला नको: ज्याच्या वेळेला कुठलीच हद्द नाही, जो केव्हाही बोलावला जाऊ शकतो, त्याचे आयुष्य त्याचे नाही. वतन ही मानाची वस्तू समजली जात होती. बाबासाहेबांनी ती तासांच्या भाषेत वाचून दाखवली आणि तिचे खरे रूप उघडे पडले.

१९४५ साली गांधीवादावर लिहिताना त्यांनी हाच धागा पुढे नेला. गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रसंस्कृतीवर जी टीका केली होती तिच्यामागे श्रमाची प्रतिष्ठा आणि माणसाचा संयम यांबद्दलची खोल कळकळ होती. आंबेडकरांचा प्रतिवाद असा, की माणूस आणि जनावर यांतला फरक संस्कृतीत आहे, संस्कृती फुरसतीशिवाय संभवत नाही, आणि यंत्राशिवाय ती फुरसत मूठभरांपुरतीच राहील. यंत्राचा दोष यंत्रात नाही, त्याच्या मालकीच्या व्यवस्थेत आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरखाते सांभाळत होते. बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्याच काळात आले आणि १९४६ मध्ये संमत झाले. फुरसतीचा सिद्धांत मांडणारा आणि ती फुरसत कायद्यात उतरवण्यासाठी झटणारा माणूस एकच होता, असे उदाहरण जगाच्या विचारेतिहासात फार सापडत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. मोकळा वेळ म्हणजेच स्वातंत्र्य, असे समीकरण कुणी मांडले तर त्याला मारिएनथाल दाखवावे. व्हिएन्नाजवळचे हे गाव एका कापड कारखान्यावर जगत होते. १९३० च्या सुमारास कारखाना बंद पडला. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आता वेळच वेळ होता, तरी कामगार ग्रंथालयातून नेली जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली, आणि तीही वर्गणी माफ केल्यावर. पुरुष रस्त्यावरून हळू चालत, पुन्हा पुन्हा थांबत. दिवसभर काय केले असे विचारले तर त्यांना दोन-तीन गोष्टींपलीकडे सांगता येत नसे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बहुतेकांचे काम कायमचे गेले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावचा जो तोंडी इतिहास गोळा केला आहे, तो मारिएनथालशेजारी ठेवून वाचावा. भोंगा हा मालकाचा होता, पण त्याच्या अवतीभवती भजनी मंडळे, व्यायामशाळा, खानावळी, गणेशोत्सवातल्या नाट्यस्पर्धा, युनियनच्या सभा असे लोकांचे स्वतःचे वेळापत्रक उभे राहिले होते. भोंगा बंद पडला तेव्हा तेही विस्कटले. वेळ आपला व्हायला तो रिकामा असून चालत नाही. त्यात करण्याजोगे काही हवे, सोबत माणसे हवीत, आणि उद्याचा थोडा भरवसा हवा.

मारिएनथालच्या अभ्यासात आणखी एक निरीक्षण आहे, जे कित्येकदा वगळले जाते. गावातल्या बायका भराभर चालत होत्या. त्यांच्या वाट्याला रिकामा वेळ आलाच नव्हता. कारखाना बंद झाला तरी चूल, धुणे, मुले तशीच होती. भारतात २०१९ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. शिवाय अशी कामे करणारे पुरुष मुळात थोडे. कामाच्या तासांच्या लढ्याने गिरणीच्या फाटकाबाहेरचे तास मोजलेच नाहीत, हे आपल्या चळवळींच्या इतिहासातले मोठे अपुरेपण आहे, आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे.

या बाबतीत मराठी अभ्यासकाकडे जो ऐवज आहे तो दुर्मिळ आहे. नामदेवांच्या घरी दासी असलेली जनाबाई अभंगांत सांगते, की विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेणी वेचतो. भक्तीचा चमत्कार म्हणून आपण हे वाचत आलो. वेळेच्या अंगाने वाचून पाहा. जिचा सारा दिवस दुसऱ्याच्या घरचा आहे, तिला देवासाठी वेगळी वेळ काढता येत नाही. मग देवालाच तिच्या कामाच्या वेळेत यावे लागते, आणि नुसते दर्शन देऊन चालत नाही, हातभार लावावा लागतो. हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळतानाची ती घटका बाईच्या एकटीची होती. सासर-माहेर, सीता, विठोबा, बाबासाहेब असे सगळे तिथे येत. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, खांदे दुखायचे थांबले, वेळ वाचला, आणि ओवीची घटकाही गेली. गिरणी नको होती असे कोणतीही बाई म्हणणार नाही. पण वाचलेला तो वेळ कुठे गेला, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा विचारावा लागतो. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली लिहिले होते की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरे होईल. ती मुदत आता जवळ आली आहे. उत्पन्न त्यांच्या अंदाजाप्रमाणे वाढले. पंधरा तासांचा आठवडा आला नाही.

मरण आणि मालकी हे दोन्ही प्रश्न एकत्र आणणारा अलीकडचा सर्वांत धीट प्रयत्न स्वीडिश तत्त्वज्ञ मार्टिन हेग्लुंड यांचा. २०१९ च्या आपल्या ग्रंथात ते म्हणतात, की जे गमावले जाऊ शकते त्याचीच आपण काळजी वाहतो. मूल, मैत्री, भाषा, लोकशाही यांना जपावे लागते, कारण ती कायमची नाहीत. म्हणून शाश्वताची ओढ ही खरे तर काळजीच्याच विरोधात जाते. आणि वेळ मर्यादित असल्यामुळे तो कशात घालवायचा हे ठरवण्याची मुभा प्रत्येकाला मिळेल असा समाज घडवणे, हे स्वातंत्र्याचे राजकारण. दोन कपाटांमधली भिंत त्यांनी खऱ्या अर्थाने पाडली आहे. नचिकेत्याला मात्र या मांडणीत जागा नाही. ती त्याची चूक दाखवून पुढे जाते.

वारकरी परंपरेकडे हेग्लुंड यांना देण्यासारखे उत्तर आहे, असे मला वाटते. तुकोबा मुक्ती मागत नाहीत. संतांची संगत मिळणार असेल तर पुन्हा गर्भवास पत्करायला ते तयार आहेत. एका बाजूला शाश्वत विठ्ठल, दुसऱ्या बाजूला दरसालची, पायांना फोड आणणारी, संपून पुन्हा सुरू होणारी वारी. आणि वारकऱ्याने सुटकेऐवजी परत येणे निवडले. म्हणजे शाश्वतावर श्रद्धा असलेल्या माणसालाही नश्वराची उत्कट काळजी असू शकते. सावता माळ्याने मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही. हेग्लुंड याला असे उत्तर देतील की तुकोबा नकळत माझ्याच बाजूचे आहेत. ते पुरेसे नाही. माणसाला त्याच्या श्रद्धेचा अर्थ त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळतो असे धरून चालणे अभ्यासकाला शोभत नाही. हा वाद मराठीत, मराठी साधने हाताशी घेऊन चालवला जावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि हे लिहिण्यामागचे एक कारणही.

आयुष्याच्या अखेरीचा प्रश्न या क्षेत्राचाच भाग आहे, पण तो वैद्यक आणि कायदा यांच्या अभ्यासकांनी बराच पुढे नेला आहे, म्हणून इथे थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अरुणा शानभाग प्रकरणात आणि मग ९ मार्च २०१८ च्या निकालात उपचार थांबवण्याचा आणि तशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडले, ते वेगळ्या परंपरेतून. या दोन्ही वाटांचा एकत्र विचार करणारे लेखन मराठीत वाढायला हवे.

नव्या अभ्यासकाला मी कोणतीही एक वाट सांगणार नाही. तर्काची आवड असलेल्याने नेगल आणि विल्यम्स यांच्यापासून निघावे. ज्याला माणसांचे आवाज ऐकायचे आहेत, त्याने ओव्या आणि गिरणगावचा तोंडी इतिहास घ्यावा. महार वतन विधेयकावरचे बाबासाहेबांचे १९२८ चे भाषण मात्र दोघांनीही वाचावे. आणि वाचन थोडे झाले की बीडकडे जावे.

दर दिवाळीच्या सुमारास तिथली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, म्हणजे पुढचे पाच-सहा महिने जगण्याआधीच विकलेले असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. तिच्या मजुरीचा वेगळा हिशेब नसतो. पहाटे उसाच्या फडात उतरायचे, रात्री-बेरात्री गाडी आली की मोळ्या भरायच्या. खाडा झाला तर दंड, आणि पाळीच्या त्रासाने किंवा आजारपणाने झालेला खाडाही खाडाच. या भागातल्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने, ऐन तरुण वयात काढली जात असल्याच्या बातम्या आल्या तेव्हा २०१९ साली राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. कॅन्सरची भीती घातली गेली, हे त्यामागचे एक कारण होते. खाड्याची भीती हे दुसरे. मरणाचे भय आणि वेळेची मालकी एकाच बाईच्या शरीरात इतक्या सरळपणे एकत्र आलेली मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. उचल फेडायला एका कोयत्याचे किती दिवस जातात, त्यांतला किती वेळ गाडीची वाट पाहण्यात जातो, ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाचे किती दिवस आधीच लिहिले जातात, आणि हातात एक मोकळा महिना आला तर ती बाई तो कशात घालवू इच्छिते, हे तिच्याच तोंडून ऐकून लिहायला हवे. त्या कामासाठी मराठी येणारे, फडावर मुक्काम करू शकणारे आणि भर्तृहरीपासून हेग्लुंडपर्यंत वाचलेले अभ्यासक हवे आहेत.